वालाच्या आमटीत औषध नसतं

प्रिय शिवू,

"अण्णा, या अविधवा नवमीला मी यायची न्हाय. आईच्या पानासमोर कुठल्या तोंडानं बसू?" एवढं बोलून तू फोन ठेवलास. पुण्याच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढूनही चिडलीस की कळंबचीच बोलतेस, हे ऐकून बरं वाटलं. तुझा प्रश्न मात्र मी कागदावर उतरवून घेतला. संस्कृतच्या मास्तराला आधी अन्वय लावावा लागतो, मग अर्थ. म्हणून लिहितोय.

आधी गल्लीची खबर. आपले गुंडप्पा आजारी पडले होते आणि त्यात थोडा हात तुझाही आहे. वालाच्या बियांतलं एक प्रथिन करोनाच्या विषाणूच्या काट्यांवरल्या साखरेला चिकटतं आणि त्याला पेशीत शिरू देत नाही, असं तू मला समजावलं होतंस. मी ते ओट्यावर बसून गल्लीला समजावलं. श्रोते मिळाले की माझं काय होतं, तुला ठाऊक आहे. शिजवलं की त्या प्रथिनाचा गुण जातो, हेही मी रंगवून सांगितलं. गुंडप्पांनी त्यावरून आपल्यापुरता निष्कर्ष काढला आणि भिजवलेले कच्चे वाल वाटीभर खाल्ले, वर ताक प्यायले. दुपारपर्यंत वांत्यांनी बेजार. सलाईन लावावं लागलं. त्यांच्या सिताबाई आपल्या दारात येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या शिवूचं औषध करोनाला धरायचं ऱ्हायलं, माझ्या नवऱ्यालाच धरलं की हो!" कच्चा वाल बाधतो, प्रयोगशाळेत त्यातून नेमकं ते प्रथिन वेगळं काढतात, असं मी सांगायला लागलो तर म्हणाल्या, "ह्ये काल सांगायचं हुतं." आता गुंडप्पा ठीक आहेत. मला पाहिलं की एक हात पोटावर ठेवूनच रामराम करतात.

तुझी आई असती तर आठवडाभर हसली असती. स्वयंपाकघरामागच्या तारेवर तिचा वालाचा वेल असायचा. पहिल्या बहराच्या भरदार शेंगा ती कुणाला तोडू द्यायची नाही. वेलावरच वाळवायची, सोलायची आणि बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची. मी तिला कंजूष म्हणायचो. ती म्हणायची, "खाणारं तोंड रोज उघडतंय, पेरणारा हात वर्सातनं एकदाच." वालाला संस्कृतात निष्पाव म्हणतात, हे मी तिला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. नव्या बायकोशी काय बोलावं ते मला कळत नसे. ती म्हणाली, "नाव लई मोठं दिसतंय, शिजायला येळ लागंल."

दुसऱ्या लाटेत धाराशिवच्या दवाखान्याबाहेर आपण दोघं लिंबाखाली उभे होतो. आत सोडत नव्हते. तिचा शेवटचा फोन आला तेव्हा मोबाईल तुझ्या हातात होता, स्पीकरवर. मला वाटलं, तुझ्या लग्नाचं काही सांगेल, माझ्या बीपीच्या गोळ्यांचं सांगेल. धाप लागत असताना ती एवढंच म्हणाली, "गाडग्याचं तोंड नीट बांधा, उंदरं हायती." सवाष्ण गेली, भाग्याची, असं गल्ली म्हणते. ते भाग्य कुणाचं, हे मला अजून उलगडलेलं नाही.

पहिल्या नवमीला तिच्या पानासमोर बसून तू म्हणालीस, या करोनावर मी काहीतरी काढीन, आई. पुढं वालावर काम करायचं ठरल्यावर बी मागितलंस: बाजारचं नको, आईचंच द्या. मी अर्धं गाडगं दिलं. आता निकाल आला. काचेच्या बशीत विषाणू अडला, पण जिवंत प्राण्यात अडला नाही. आईचं बी दळून वाया घालवलं, असं तुझ्या मनानं घेतलंय. तू बोलली नाहीस, पण तोंड दाखवायला लाजावं असं दुसरं काय घडलंय?

श्राद्धाच्या पानात निष्पाव चालतो का, हे मी परवा मुद्दाम शोधलं. एक ग्रंथ म्हणतो उत्तम, दुसरा नाक मुरडतो. म्हणजे तुमच्या बशीचं आणि प्राण्यांचं जमत नाही, तसंच. म्हणून मी ग्रंथ टाकून दिले नाहीत. तूही बशा टाकू नकोस. आणि टाकाव्याशा वाटल्याच, तर खुशाल टाक. तो शब्द तू आईला दिलास. तिनं तो मागितला नव्हता. तिनं सांगितलं होतं ते गाडग्याचं तोंड बांधायला, आणि तेही मला.

आता पत्राचं कारण. उरलेलं अर्धं बी मी गेल्या साली त्याच तारेशी टोचलं. जुनं बी, उगवेल न उगवेल, म्हणून तुला बोललो नाही. उगवलं. पहिल्या बहराला मीही हात लावला नाही, सिताबाईंनाही लावू दिला नाही; त्या मला कंजूष म्हणाल्या. गाडगं काठोकाठ भरलंय, शिवू. काही वाया गेलेलं नाही. नवमीला त्यातले थोडे भिजवून मी आमटी करणार आहे, चांगली रटरट शिजवून. तुझ्या प्रथिनाचा गुण तीत नावालाही उरणार नाही. त्या आमटीनं कुणी बरं होणार नाही. एक वाटी आईच्या पानावर, दोन आपल्याला. एरवी मी एकटा जेवतो, पण ही आमटी एकट्याला घशाखाली उतरायची नाही. जाताना बी न्यावंसं वाटलं तर ने, नाहीतर राहू दे. फक्त गाडग्याचं तोंड तेवढं बांधून जा. माझी गाठ सुटते.

तुझाच,
अण्णा