टॅपेट कव्हर मीच बसवणार

मंगळवार, १२ मे. सकाळी ८.१०
इंजिनच्या वरच्या झाकणाला, म्हणजे टॅपेट कव्हरला, कडेने तेलाची ओल. महांतेशच्या गॅरेजमध्ये दाखवली. त्याने फडक्याने पुसलं आणि म्हणाला, स्वल्प आहे सार, पुढच्या सर्व्हिसला बघू, आता काही करू नका. पैसेही घेतले नाहीत.
तिथेच शंकेची पाल चुकचुकली. गॅरेजवाला फुकटात 'काही करू नका' म्हणतो? रोग वाढू द्यायचा आणि मग अख्खं इंजिन उतरवायचं. डाव कळला.
रविवारी निधीची एन्ट्रन्स. सेंटर हेब्बाळला, नऊला गेट बंद. आमच्या महादेवपुऱ्यातल्या कॅबवाल्यांच्या भरवशावर पोरीचं वर्ष पणाला लावणार नाही. मीच सोडणार. गाडीही मीच दुरुस्त करणार.

बुधवार, १३ मे
सहा व्हिडिओ पाहिले. लिक्विड गॅस्केट! ट्यूबमधून पिळायचं, सुकलं की रबर. इतकी सोपी गोष्ट गॅरेजवाल्यांनी लपवून ठेवली. ऑनलाइन मागवली.
सुचेताने विचारलं, महांतेश काय म्हणाला? मी तिथे गेलो हे हिला कुणी सांगितलं? बायकोवरही लक्ष ठेवायला हवं.

गुरुवार, १४ मे
ट्यूब आली. किचनच्या काट्यावर वजन केलं. भरलं. तरी संशय आहेच.
वर लिहिलंय, दोन-तीन मिलिमीटरची बारीक रेघ पुरे. बारीक का? म्हणजे ती गळणार आणि आपण दुसरी ट्यूब घेणार. कंपनीवालेही पोचलेले आहेत.

शनिवार, १६ मे. दुपारी ४
झाकण उघडलं. झाकणाखालचं जुनं रबरी गॅस्केट तसंच ठेवून वर अख्खी ट्यूब रिकामी केली. डबल सिक्युरिटी. बोल्ट आवळताना सीलंट दोन्ही बाजूंनी बाहेर आलं. बाहेरचं पुसलं. आतलं आत गेलं. तिथे कोण बघतंय?

सायंकाळी ६.३०
चोवीस तास सुकू द्या, असंही ट्यूबवर आहे. ही वकिली भाषा. चौदा होतील, पुष्कळ झाले. बॉनेटला दोरा चिकटवून ठेवला. कुणी उघडलं तर कळेल.
सुचेता म्हणाली, महांतेशला एकदा दाखवून घे. मी म्हटलं, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या? ती इथल्यासारखं 'सरी', म्हणजे बरं, म्हणाली आणि बाल्कनीत जाऊन कुणाला तरी फोन केला. दार लावून.

रविवार, १७ मे. सकाळी ७.२०
दोरा शाबूत. इंजिन एका झटक्यात सुरू. ओल शून्य! निधीला म्हटलं, बघ. ती नोट्स बघत होती.

८.१५, रिंग रोडच्या कडेला
ऑइलचा लाल दिवा लागला. निधी म्हणाली, थांब. मी समजावलं की हे दिवे गॅरेजला गिऱ्हाईक पाठवायलाच बसवलेले असतात. मग इंजिनमधून खडखडाट आला. मग तोही बंद झाला.
तीन कॅब कॅन्सल. चौथी बुक करतोय.
शिवाय आमच्या गेटपासून मागे असलेली पांढरी व्हॅनसुद्धा थांबली आहे. नंबर लिहून घेतला.

दुपारी १२.१०, गॅरेज
व्हॅनमध्ये महांतेश होता. सार थांबतील तिथे थांब, एवढंच सुचेताने काल त्याला सांगितलं होतं. निधी आठ बावन्नला गेटच्या आत पोचली. त्याच्या व्हॅनने.
मग त्याने माझी गाडी ओढून आणली, खालचा चेंबर उघडला. तेल ओढायच्या जाळीत सीलंटच्या करड्या शेवया. तेल वर चढलंच नाही, इंजिन जाम. त्याने शेवया पेपरवर काढून ठेवल्या आणि म्हणाला, होतं सार असं कधी कधी. यात काय डाव आहे ते अर्धा तास शोधतोय. सापडत नाही. लाज मात्र वाटते आहे.

१.४०
निधीचा फोन. पेपर चांगला गेला. मी म्हटलं, रिक्षाने घ्यायला येतो. ती अगदी हळू म्हणाली, तू नको येऊस बाबा, महांतेश अंकलना पाठव.
निरोप द्यायला गेलो, तर तो व्हॅन बाहेर काढत होता. मॅडमचा फोन येऊन गेला होता.
निधीवर रागावण्यात अर्थ नाही. मला विचारलं असतं, तर मीही त्याच्याच व्हॅनमध्ये बसलो असतो.