नाकातला फवारा आणि बापाचा हात

प्रति,
मा. प्रमुख,
बालऔषध सुधारणा विभाग,
मुख्य कार्यालय, औषधनिर्मिती कारखाना.

विषय : लहान मुलांच्या नाकात मारावयाचा फवारा कमी कडू, कमी गार व कमी दांडगा करून मिळणेबाबत.
संदर्भ : बाटलीवरील सूचना, "हलक्या हाताने फवारावे."

महोदय,

अर्जदाराचे केशकर्तनाचे दुकान आहे. संदर्भातील हलका हात अर्जदारापाशी आहे, असे गिऱ्हाइके सांगतात. मानेवर वस्तरा फिरत असतानाही त्यांना डुलकी लागते. सबब, पुढील प्रकार हात जड असल्याने घडला असे समजू नये.

१. अर्जदाराच्या सहा वर्षांच्या मुलीचे नाक आतून सुजते. झोपेत श्वास अडकून ती दचकून उठत असे. डॉक्टरांनी आपला फवारा सकाळ-संध्याकाळ लिहून दिला. औषध गुणकारी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मुलगी आता शांत झोपते.

२. पहिल्या दिवशी तिने आपणहून नाक पुढे केले. पंप दाबताच फस्सकन आवाज झाला, गार धार आत गेली आणि मागोमाग कडू घशात उतरले. ती ओकली. संध्याकाळी कपाटामागे लपली. तिची आई सकाळच्या पाळीला जाते, त्यामुळे सकाळचे काम एकट्या अर्जदाराकडे आले. दुकान उघडायची घाई असे. अर्जदाराने तिला गुडघ्यांत पकडले, डोके बगलेत दाबले आणि फवारा मारला. कोणत्याही गिऱ्हाइकाचे डोके असे धरलेले नाही, हे नमूद करणे भाग आहे.

३. एकदा अर्जदाराने "आज नुसतं पाणी आहे" असे खोटे सांगितले. तिने विश्वासाने मान वर केली. कडू लागल्यावर ती रडली नाही, नुसती बघत राहिली. रडली असती तर बरे झाले असते.

४. मागील आठवड्यात तिच्या कपाळावरची बट सारावी म्हणून अर्जदाराने हात नेला. तिने दोन्ही तळव्यांनी नाक झाकले आणि विचारले, "बाबा, औषध की लाड?" अर्जदाराने हात मागे घेतला. त्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाला कानामागे कापले.

५. त्यानंतर अर्जदाराने फवारा स्वतःच्या नाकात मारून पाहिला. डोळ्यांत पाणी आले. ते सगळेच औषधामुळे आले असे म्हणता येणार नाही.

तरी विनंती की, कडवटपणा घालवता येत नसेल तर निदान नळीचे टोक मऊ करावे, धारेऐवजी धुके यावे, आवाज दबावा, आणि पंप लहान बोटांना दाबता येईल इतका सैल करावा.

काल सकाळी मुलीने बाटली मागून घेतली. दोन्ही अंगठ्यांनी पंप दाबून फवारा तिचा तिने मारला. कितपत कडू लागले, हे अर्जदारास ठाऊक नाही, कारण आधीच तिने सांगितले होते, "बाबा, तू बाहेर थांब." अर्जदार दाराबाहेर उभा राहिला.

इथले जे व्हायचे ते होऊन गेले. अन्य घरांतले बाप दाराच्या आत राहावेत, एवढ्यासाठी हा अर्ज.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, मुलीचा बाप
दिनांक : चालू महिन्याची १४

सोबत : आधीची रिकामी बाटली, एक. टोकावरील दातांच्या खुणा मुलीच्या आहेत.