झूराच्या घशाचे दोन फोटो

ती. उमसुनाईताईस बिश्केकहून झूराचे अनेक सलाम.

गुडघा कसा आहे? गाय व्यायली का? मेंढ्या कुरणावरून धडधाकट उतरल्या ना? कोचकोरला बर्फ सुरू झालं असेल (इथे नुसता धूर पडतो). मी मजेत आहे.

झालं असं, की तू पाठवलेला कुरुत चावताना माझी दाढ तुटली. (दोष दाढेचाच. तरी दही इतकं वाळवू नये गं!) त्यातच एका दुपारी टीव्हीसमोर माझा डोळा लागला आणि घोरता घोरता श्वास म्हणे मधेच थांबला. आमच्या अनाराची पाचावर धारण बसली. तिला कुणीतरी सांगितलं, की दातांच्या डॉक्टरकडच्या त्रिमिती फोटोत घशातली हवेची वाटसुद्धा दिसते. मग काय, दाढेबरोबर घसाही उरकून घ्यायचा! मी म्हटलं, बाई, मी काय गालिचा आहे, एका खेपेत दोन्ही बाजू झटकायला? पण माझं ऐकतंय कोण.

डॉक्टर चिनारा पोरसवदा, गोड बोलणारी. म्हणाली, हनुवटी टेकवा, ही कांडी पुढच्या दातांत धरा आणि हलू नका. आता ताई, दातांत काही आलं की माझा घसा काय करतो हे तुला मी सांगायला हवं का? तूच शिकवलंस. उन्हाळी कुरणावर, तंबूच्या मागे, तुझं तेमिर कोमुझ माझ्या दातांना टेकवून. लोखंडाची जीभ बोटाने छेडायची आणि सूर घशाने घडवायचा. मला जमलं नाही की गालावर चापट: "घसा उघड गं, आत काय कोकरू अडकलंय?" आईच्या चुलीचा धूर, घोडीच्या दुधाचा तो आंबूस वास, सगळं जसंच्या तसं आठवलं बघ. जीव नुसता कासावीस झाला. आणि कांडी दातांत येताच घसा आपसूक तुझ्या त्या घोडीला हाक मारायच्या धुनेला लागला. फोटोत वाट अशी ऐसपैस, की डॉक्टर खूश.

पण मान कलली होती म्हणून दुसरा फोटो काढला. त्या वेळी मला आईची अंगाई आठवली (ती खालच्या सुरातली, जीभ मागे ओढून वाजवायची). वाट एकदम एवढीशी! अनाराने तिथेच डोळ्यांना रुमाल लावला, डॉक्टर शस्त्रक्रियेचं बोलू लागली. मग तिने दोन्ही फोटो शेजारी लावले आणि विचारलं, आजी, तुम्ही आत नक्की करत काय होतात? मी सांगितलं. डॉक्टर हसून हसून बेजार, अनारा मात्र भडकली. "आई, तू तिथे मैफल करत होतीस?"

हसणं आवरल्यावर डॉक्टर सरळ बोलली. हाडांचं माप पक्कं मिळतं, पण जीभ नि टाळू सारखे हलतात. आवंढा गिळला, मान वळली, तरी वाट बदलते. शिवाय आजी जाग्या होत्या. श्वास झोपेत थांबतो का, ते या फोटोवरून मी सांगणार नाही. झोपेच्या तपासणीला नंबर लावू; तोवर शेजारी कोण झोपतं त्यांना विचारून या.

शेजारी कोण झोपतं! आमचे हे गेल्यापासून शेजारी उशी असते, आणि अनाराला रात्रपाळी. घरी येऊन मी चहा केला तर तो दोघांचा झाला.

असो. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
झूरा

ता. क. दाढ नीट बसली. कुरुत पाठवायला हरकत नाही.

आणखी ता. क. वर मजेत आहे लिहिलंय, ते खोटं. मला झोपायची भीती वाटते, ताई. लहानपणी एका रजईत माझा श्वास अडला की तू कोपर मारून विचारायचीस, "झूरे, मेलीस का गं?" मी किती चिडायचे! पुढे ह्यांनीही जन्मभर तेच विचारलं. आता कुणी विचारत नाही. मेंढ्या सुनेवर सोपव आणि हिवाळाभर माझ्याकडे ये. कोमुझ राहिलं तरी चालेल, कोपर तेवढं आण.