काचेमागचे चाळीस सेकंद

सोमवार, ७ मार्च
पोचलो एकदाचे. चिठ्ठ्या टाकून निवडलेले आम्ही मृतांचे पाच नातेवाईक. लष्करी तळावर लख्ख ऊन, निळाशार समुद्र, पायरीवर हातभर लांब इग्वाना सरडा. अठरा वर्षांनी डर्मटचा, माझ्या भावाचा, मारेकरी दिसणार म्हणून मी चक्क नवा ब्लाउज घेतलाय. शेजारच्या खोलीत ॲग्नेस पुलास्की. फेरीबोटीवरच्या ज्या स्फोटात डर्मट गेला, त्यातच तिची मुलगी गेली. मला बघून म्हणाली, नोरीन, लग्नाला आलीस का ग?

मंगळवार, ८ मार्च
लष्करी कोर्टात आम्ही जाड काचेमागे बसतो. वही-पेन्सिल चालते. आतलं लगेच दिसतं, आवाज मात्र चाळीस सेकंदांनी येतो. सरकारी गुपित निघालं तर आवाज मधेच तोडता यावा म्हणून. मारेकरी म्हातारा झालाय, दात पडलेत. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बुधवार, ९ मार्च
सरकारी वकिलांनी विचारलं, खटला न्यूयॉर्कच्या साध्या कोर्टात न्यावा का, लिहून द्या. ॲग्नेसने लिहिलं, न्या. म्हणे, तिथे ज्युरीने दोन वर्षांत निकाल दिला असता. इथे नुसत्या तारखा. शुक्रवारी तो पहिल्यांदाच बोलणार आहे. हीच बोट का, एवढं तिला त्याच्या तोंडून ऐकायचंय.
मी लिहिलं, कोर्ट नको, ज्युरी नको, गुदमरून मरू द्या त्याला.
ती म्हणाली, बाई, तुला न्याय नकोय, मढं हवंय.
हो.

गुरुवार, १० मार्च
मी केस मागे सारले. जरा वेळाने काचेपलीकडे त्यानेही. मग मुद्दाम कान खाजवला आणि मोजत राहिले. चाळिसाव्या सेकंदाला त्याचा हात कानाकडे गेला. तो आपल्याच हाताकडे घाबरून बघत होता.
ॲग्नेसला सांगितलं. म्हणाली, नीट जेवत जा.
इतकी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते.

शुक्रवार, ११ मार्च
तो उभा राहिला. ॲग्नेस काचेला नाक लावून बसलीय.
डाव्या हाताने मी माझाच गळा धरलाय. उजव्याने लिहितेय.
अडतीस. एकोणचाळीस —
धरला त्यानेही, स्वतःचा गळा. उजवा हात हवेत लिहितोय. पहारेकरी धावले — बोटं सुटत नाहीत —
ॲग्नेस काच बडवतेय, बोलू द्या त्याला, माझ्या पोरीचं बोलू द्या — माझ्याकडे वळली — कळलं तिला — माझा हात ओढतेय
सोडते, ॲग्नेस. सोडला —
सुटत नाही. मी नाही आवळत —
तो माझ्याकडे बघतोय. आता आधी त्याची बोटं आवळतात, मागून मा