साडेअठरा इंच

क्रॅडली हीथ,
रविवार, ७ फेब्रुवारी १९९३

प्रिय लॉर्ना,

पाकिटावर माझं अक्षर पाहून आईला काही झालं की काय, असं तुझ्या मनात येईल. तिला काही झालेलं नाही. ती आत वाटाणे शिजवते आहे, आणि नासक्या दुधासारखं तोंड करून माझ्या स्वयंपाकघरात फिरू नकोस, म्हणून तिने मला पुढच्या खोलीत हाकललं आहे. वर्षभर तिच्या पत्रांच्या तळाशी 'बाबांचे आशीर्वाद' एवढं लिहून मी सुटत आलो. आज ते भागणार नाही. अ‍ॅबरडीनमधली थंडी, तुझ्या रात्रपाळ्या, ती वॉर्डमधली खाष्ट मेट्रन, सगळं आई मला वाचून दाखवते. मी पेपर तोंडासमोर धरून ऐकतो.

इकडची बातमी विचारशील तर एकही धड नाही. साखळीचा कारखाना पाडला, तिथे आता गाड्या उभ्या करायला डांबर ओतलं आहे. आपली कुत्री बेस नोव्हेंबरात गेली. म्हातारी झाली होती, झोपेतच गेली. तिची पोर डॉली आता गल्लीतून नेली की लोक भिंतीला चिकटतात. परवा पोस्टाच्या रांगेत एका बाईने मला विचारलं, "हा तोच ना हो, माणसं फाडणारा?" डॉलीची उंची साडेचौदा इंच. ती त्या बाईच्या बुटावर हनुवटी टेकून घोरत होती. मी म्हटलं, "बाई, हा स्टॅफर्ड जातीचा कुत्रा आहे, ही मादी आहे, आणि ती झोपली आहे." तर म्हणते, "सगळे सारखेच दिसतात मेले." मला त्या बाईची शिसारी आली. पेपरवाल्यांची येते, ते कुठल्याही रुंद छातीच्या कुत्र्याचा दात दिसेल असा फोटो छापतात. गळ्यात जाड साखळ्या घालून, तशीच साखळी कुत्र्याला घालणाऱ्या त्या टग्यांची येते. आणि पिटबुलवर बंदीचा कायदा करणाऱ्यांचं तर काय सांगू, त्यांनी आयुष्यात कुत्र्याच्या अंगावरून हातसुद्धा फिरवला नसेल.

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा मी तुझ्या डोळ्यांना माझा मफलर बांधायचो आणि एकेक कुत्रा तुझ्या पुढ्यात उभा करायचो. आठवतं का गं? आधी डोकं. आपल्या स्टॅफर्डचं डोकं आखूड, रुंद, गालांवर दोन्ही बाजूंना स्नायूंचे गोळे. पिटबुलचं नाकाड लांब, डोकं पाचरीसारखं पुढे निमुळतं होत जाणारं. मग पाय. आपला कुत्रा जमिनीलगत, पुढचे पाय फाकलेले, उंची चौदा ते सोळा इंच, त्यावर एक इंचही नको. तो दुसरा उंच, सडसडीत, पळण्यासाठी बांधलेला. आपल्या कुत्र्याची शेपूट हापशाच्या दांड्यासारखी. तू बोटांनी चाचपून सांगायचीस, "बाबा, हा आपला", आणि कधी चुकली नाहीस. स्टॅफर्डवाल्यांच्या क्लबातले बुजुर्ग म्हणायचे, "रेबोल्ड, पोरीला प्रदर्शनात जजच्या खुर्चीत बसव आणि तू घरी जा." मला केवढा अभिमान वाटायचा.

कायदा झाल्यापासून पोलीस मला बोलावतात, हे आईने तुला लिहिलं असेलच. त्यांनी एखादा कुत्रा पकडून आणला की त्याची मापं घ्यायची, आणि तो बंदी घातलेल्या प्रकारात मोडतो की नाही ते कोर्टाला सांगायचं. प्रकार ठरला की कुत्रा मारायचाच, न्यायाधीशाला दुसरा मार्गच ठेवलेला नाही. आणि तो त्या प्रकारातला नाही हे सिद्ध करायचं काम मालकाचं. असा हा न्याय. पहिल्या वर्षी मी अकरा कुत्री पाहिली. त्यातली सात सोडवली, आणि घरी येऊन तुझ्या आईसमोर छाती फुगवून बसलो. आपल्या जातीचं नाव राखणारा मीच एक उरलो आहे, असं मला वाटायला लागलं होतं.

बारावा कुत्रा वेन्सबरीचा. मालकीण हेस्टर वेस्टवुड, शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली विधवा बाई, उंची जेमतेम पाच फूट. हे नाव वाचून तू खुर्चीतून उठली असशील. बस, सगळं सांगतो. शेजारणीशी कुंपणावरून वाजलं, तिने पोलिसांना फोन केला. शिपाई आले तेव्हा कुत्रा सोफ्यावर, बाईंनी विणलेला लोकरी अंगरखा घालून, टीव्हीवर घोड्यांची शर्यत बघत होता. त्यांनी फास लावलेल्या काठीने त्याला बाहेर काढलं. तो जुलै महिना होता. तेव्हापासून तो सिमेंटच्या खोलीत आहे, आणि ती कुठे आहे हे बाईंना सांगत नाहीत. तसा नियम आहे म्हणे. सात महिने झाले, तिने त्याला एकदाही पाहिलेलं नाही.

मी त्याला ऑक्टोबरात पाहिला. कॉन्स्टेबलने तोंडाला मुसकं बांधून आणला आणि मी मापं घेतली. खांद्यापाशी उंची साडेअठरा इंच. पाय लांब. डोकं रुंद, पण नाक आपल्या मापापेक्षा पाऊण इंच जास्त. मी बोलत गेलो, तो लिहीत गेला. नोव्हेंबरात कोर्टात उभा राहिलो आणि शपथेवर सांगितलं, की पस्तीस वर्षांच्या अनुभवावरून माझ्या मते हा पिटबुल प्रकारातला कुत्रा आहे. बाईंच्या वकिलाने विचारलं, "वाढलेला स्टॅफर्ड असू शकेल का?" मी म्हटलं, "चांगल्या घराण्यात अडीच इंच वाढत नाही." लोक हसले. मीही जरासा हसलो.

मग बाईंना उभं केलं. कुत्रा कुणाकडून घेतला, असं विचारलं. ती म्हणाली, "एका मुलीने दिला. भली पोर होती, रडत होती." नाव काय तिचं? "ते मी सांगणार नाही. तिला शब्द दिला आहे." न्यायाधीश समजावून थकला. नाव सांगितलंत तर कुत्र्याचे आईबाप शोधता येतील, तुमचाच फायदा आहे, म्हणाला. ती म्हणाली, "साहेब, शब्द दिलाय म्हटलं ना. फायदा झाला नाही म्हणून तो बदलतो होय?" आणि बॅगेचं झाकण कट्कन मिटवून खाली बसली. कुत्रा मारायचा हुकूम झाला. तिने वरच्या कोर्टात अपील केलं आहे, सुनावणी २ मार्चला. तोवर तो जिवंत आहे.

त्या गुरुवारी पबच्या मागच्या खोलीत क्लबाची बैठक होती. मी आत शिरलो तर टाळ्या. कुणी बिअर पुढे केली, कुणी माझ्या पाठीवर थाप मारली. खजिनदार म्हणाला, "हॉवर्ड, जातीची लाज राखलीस. असली दोन-चार भेसळीची मेली तरच आपली खरी जगतील." दुसरा डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे चघळत म्हणाला, "त्या म्हातारीचा लोकरी अंगरखा आता डॉलीला होईल का रे?" सगळे खो-खो हसले. त्याच्या हनुवटीवर चरबी चकाकत होती. मी मोरीत जाऊन ओकलो, आणि तोंड धुताना आरशात जो माणूस दिसला त्याच्याकडे पाहून पुन्हा ओकलो.

लॉर्ना, त्या कुत्र्याच्या उजव्या कानाच्या कडेला एक खाच आहे. मापं घेताना माझं बोट तिच्यावरून गेलं. तीन आठवड्यांचं असताना बेसचा दात लागून ते पिल्लू रक्तबंबाळ झालं होतं. तू कंदील धरला होतास आणि मी काळ्या दोऱ्याचे दोन टाके घातले होते, एक सरळ, एक वाकडा. वाकडा, कारण तू शिंकलीस. तो वाकडा टाका अजून बोटाला लागतो. आणि त्याने काय केलं ठाऊक आहे? मुसकं बांधलेलं डोकं माझ्या गुडघ्याला लावलं आणि सगळं अंग माझ्यावर टाकलं. बेसची सगळी पिल्लं अशीच रेलायची. कॉन्स्टेबल म्हणाला, "तुम्ही आवडलात बुवा त्याला." मी म्हटलं, "उंची लिहून घ्या, साडेअठरा."

तुझं ते पिल्लू, पिकल. सात महिन्यांचा होईतो त्याचे पाय वाढतच गेले, आणि मी रोज सकाळी पट्टी लावून शिव्या घालत होतो. कायदा नुकताच आलेला, आणि गावात कुजबुज की जुने कुत्रेवाले चोरून पिटबुल मिसळतात. अशात माझ्या दारातून असलं ध्यान बाहेर पडलेलं दिसलं असतं तर संपलंच होतं. आम्ही लोक अशा पिल्लांचं काय करतो हे तुला ठाऊकच आहे. माझ्या बापाने केलं, मी केलं, आणि त्यावर कधी कुणी जेवताना बोललं नाही. मी तुला म्हटलं, याला डॉक्टरकडे ने, कायमचा झोपवून टाक, आणि कागदपत्रांत पिल्लं चारच झाली असं लिही. संध्याकाळी मोकळा पट्टा माझ्यासमोर टेबलावर ठेवलास, आणि जानेवारीत अ‍ॅबरडीनची नोकरी घेतलीस. तू एका कुत्र्यासाठी घर सोडलंस, म्हणून मी वर्षभर तुझा राग राग केला. तो मेलेलाच नव्हता हे मला त्या खाचेवर बोट ठेवल्यावर कळलं. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता सगळ्यांना कळेल रेबोल्डच्या बेसला साडेअठरा इंचाचं पोर झालं. म्हणून मी त्याला दुसऱ्यांदा मारायला सांगितलं, या खेपेला शपथेवर. ज्यांना दोन जातींतला फरक कळत नाही त्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. मला तर तो कळत होता.

गेल्या रविवारी वेन्सबरीला गेलो. बाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही. मी कसंबसं म्हटलं, तो कुत्रा माझ्याकडचा आहे. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे, मिस्टर रेबोल्ड. पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कोर्टात तुम्हाला बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, हा ओळखणार. तुम्ही खाली बघून बोलायला लागलात, तेव्हाच मला कळलं की तुम्ही ओळखलंत." मी विचारलं, मग तिथेच का नाही सांगितलंत? म्हणाली, "तिचं नाव घ्यायचं नाही आणि तिच्या बापाचंही नाही, असा शब्द होता. तुमच्यासाठी नव्हता हो तो. तिच्यासाठी होता." आणि तिने दार लावलं, आपटलं नाही, हळूच लावलं.

तिच्या वकिलाला मी सगळं लिहून दिलं आहे, आणि क्लबाला राजीनामा. वकील म्हणतो, आईबाप सिद्ध झाले तरी कायदा मापच बघतो, तेव्हा खात्री नाही. पण पोलिसांचा जाणकारच उठून 'मी खोटं बोललो' म्हणाला तर कोर्टाला ऐकावं लागेल. फक्त माझ्या एकट्याच्या जिभेवर आता कोण विश्वास ठेवणार? माझ्या फाटकातून निघालेला कुत्रा आणि तिच्या दारात पोचलेला कुत्रा एकच, हे सांगू शकेल अशी तूच आहेस. आणि तू मोकळं केल्याशिवाय ती बाई तुझं नाव घेणार नाही, कुत्रा गेला तरी नाही. त्यासाठी हे पत्र. पत्र मिळालं की त्याच संध्याकाळी तिला फोन कर, आणि २ मार्चला ये. माझ्याशी बोलू नकोस, आपल्या घरी उतरू नकोस, चालेल. त्या दिवशी तू मला फसवलंस, आणि त्या वर्षात आपल्या घरात तेवढी एकच गोष्ट सभ्यपणे झाली. आता तुला खरं बोल म्हणून सांगायला मी कोण? तरी सांगतो आहे. तो सात महिने सिमेंटवर पडून आहे, लॉर्ना, आणि पायांचे आवाज ऐकून उठत असेल.

तुझाच,
बाबा