एकशे एकावा पूल

लिमातल्या शहाण्या भावास, एलेउतेरिओ,

परवा फोनवर म्हणालास, "ताई, माणसाच्या जातीला फार तर शंभर वर्षं उरलीत." तेव्हा माझे हात गुंतले होते. पुलासाठी गवताचा दोर वळत होते.

निम्मं गाव तुझ्यासारखं शहरात गेलेलं, त्यामुळे यंदाचा पूल विणायला माणसं पुरतील की नाही याची धास्ती होती. पुरली. जुना पूल तोडून नदीत सोडला आणि दोन्ही काठांवरचे गडी नवा विणत मधोमध भेटले. गावात नव्यानं आलेल्या एका सुनेनं भीत भीत विचारलं, "गवताचा पूल टिकतो तरी किती?"

म्हातारा निकानोर हसला. "वर्षभर. माझ्या खापरपणज्याच्या वेळीही वर्षभरच टिकायचा!"

घरटी एक दोर द्यावा लागतो. तुझ्या घरचा मीच वळते. लोक चिडवतात, "भाऊ येणार वाटतं?" मी म्हणते, "तो नाही तर त्याची नातवंडं येतील."

हे पत्र टपालात टाकणार नाही, नाहीतर तुला ते बोलावणं वाटेल. बोलावणं आलं म्हणून येऊ नकोस, पूल ओलांडावासा वाटला तर ये.

आणि शंभर वर्षं म्हणजे काय रे? शंभर पूल. एकशे एकाव्याचं गवत कुठल्या उतारावर कापायचं, ते मी नातीला दाखवून ठेवलंय.

तुझ्या वाटचा दोर वळणारी,
सातुर्निना