घरच्या माणसावर सुरी

काष्टी,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

चि. दिशास,

काष्टीहून आबांचे आणि तुझ्या आजीचे ओंजळभर आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. ऊस अजून उभाच आहे, कारखान्याची टोळी आज येते, उद्या येते करतेय. गाय व्याली, कालवड झाली. आजीनं तिचं नाव 'डॉक्टरीण' ठेवलंय, कारण जन्मल्यापासून ती कुणाचं ऐकत नाही.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर हर्षलचं नाव निघालं, की "आबा, पेशंट आलाय" म्हणून तू ठेवून देतेस. हा कागद रागानं बाजूला ठेवलास, तरी परत उचलशील. मी ओळखतो तुला.

तर परवा श्रीगोंद्याला गेलो होतो. बियाण्याचं काम होतं. म्हटलं, आलोच आहोत तर हर्षलचा दवाखाना बघून यावं.

भडकू नकोस. मी काही विसरलो नाही. लंकाबाईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनात त्याच्या हातून भलतीच नळी कापली गेली आणि बाहेर येऊन त्यानं "बाईच्या नळ्याच नाजूक होत्या" असं सांगितलं. तू शेजारी होतीस, तू तिच्या घरच्यांना खरं काय ते सांगितलंस. "आपल्या नव्या दवाखान्याचा तरी विचार करायचास," म्हणाला तो. तू साखरपुड्याची अंगठी टेबलावर ठेवलीस आणि नाशिकची नोकरी धरलीस. बरोबर केलंस. तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

पण दवाखान्यात बाकड्यावर माझ्या शेजारी कोण बसलेलं असावं? लंकाबाईच! ऊसतोडीची बाई ती, पुण्यात दुसरं ऑपरेशन होऊन आता चांगली हिंडतेफिरते. तपासायला आली होती. मी विचारलं, "अहो बाई, परत इथंच कशाला?"

"त्यो आल्ता की पुन्याला," ती म्हणाली. "माझ्या खाटेपाशी हुबा ऱ्हाऊन म्हनला, मावशी, चूक माझी हाय. घाई केली, आन् वर खोटं बोललो. लई शिव्या घातल्या मी. खाली मान घालून ऐकल्या त्यानं."

"आणि तरी आलात?"

"आता त्यो माझ्याशी खोटं बोलायचा न्हाई. दुसऱ्याचं मला काय ठावं?"

हे तुला कळलं होतं का? नसेलच. तो आपण होऊन सांगायचा नाही आणि तू विचारायची नाहीस.

बरं, आता बियाण्याचं सांगतो. बियाणं वगैरे काही नव्हतं. दिवाळीपासून माझ्या जांघेत गाठ आहे. खोकलं की लिंबाएवढी फुगते, आडवं झालं की आत जाते. नातीला अशा जागेचं काय सांगायचं, म्हणून गप्प राहिलो. तू सर्जन आहेस हे मला कळतं गं, पण माझ्या लाजेला कळत नाही.

हर्षलनं तपासलं. हर्निया आहे, फार थांबू नका म्हणाला. मी म्हटलं, "मग कर की. कधी येऊ?"

"मी नाही करणार, आबा."

मला रागच आला. "का रे? नात गेली म्हणून आजोबाही नको झाला?"

त्यानं हातमोजे काढले, नळाखाली हात धुवायला लागला. पाठमोराच म्हणाला, "घरच्या माणसावर सुरी चालवायची नाही, असं सरांनी शिकवलंय आम्हा दोघांना."

"कुठलं घर? अंगठी तर परत आली."

तो नुसता हात धुवत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "डॉक्टर, पाणी वाया चाललंय."

पोरी, आजीच्या पाठीवरची गाठ काढायची होती, तेव्हा तूही हेच म्हणाली होतीस. अगदी याच शब्दांत.

लग्न कर, असं मी सांगत नाही. नाशिक सोड, असं तर मुळीच नाही. तुला मोठी सर्जन झालेलं बघायचंय मला, आणि कुणाची बायको होण्यासाठी ते अर्ध्यावर टाकलंस, तर पहिला मीच भांडेन. पण चूक लपवणारा हर्षल तू पाहिलास. लंकाबाईच्या शिव्या खाणारा अजून पाहिला नाहीस. एकदा बघून घे, मग काय ठरवायचं ते ठरव.

ऑपरेशन वीस तारखेला, श्रीरामपूरला. तुमचे सर करणार आहेत. हर्षलनंच बोलणं केलं, तोच मला गाडीतून नेणार आहे. तू ये. आत मात्र यायचं नाही, दोघांनीही. तसं मी सरांना सांगणारच आहे. तुम्ही दोघं बाहेर बाकड्यावर बसा, नातेवाईक बसतात तसे. दार उघडलं की आतून येणाऱ्या डॉक्टरच्या तोंडाकडं माणसं कशी बघतात, ते तुम्ही कायम पलीकडूनच पाहिलंय. या वेळी अलीकडून बघा.

आजी भाकरी बांधून देणार आहे, दोघांची एकाच फडक्यात. भांडा किंवा वाटून खा.

माझी काळजी नको. मी ठणठणीत उठणार आहे.

तुझा, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याचाही,
आबा